घर-सल्ला : हरिकेनचा मोसम आणि मायामीचे घरमालक

अटलांटिक महासागरातील हरिकेनचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरला जातो आणि दरवर्षी मे महिना उजाडला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो. या वेळी मायामी-डेड कौंटी आणि फ्लोरिडाच्या इतर किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो. तयारी वादळाची बातमी आल्यावर करायची असते, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात फ्लोरिडातील नियम असे रचलेले आहेत की वादळ नकाशावर दिसू लागले, की घरमालकासमोरची बरीचशी दारे एकेक करून बंद होऊ लागतात.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी दक्षिण मायामी परिसरात 1978 साली बांधलेले एकमजली घर घेतले. आधीच्या मालकांनी गॅरेजमध्ये पत्र्याच्या शटरांचा ढीग ठेवला आहे. पण ती कुठल्या खिडकीची, हे कळत नाही. एक शेजारी म्हणतात की शटर लावणे सक्तीचे आहे, दुसरे म्हणतात की जुन्या घरांना सूट आहे. खरे काय? आणि ही शटर जूनमध्ये लावून थेट डिसेंबरमध्ये काढली तर चालेल का?

उत्तर : दोन्ही शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे अर्धे खरे आहे. 24 ऑगस्ट 1992 रोजी अँड्र्यू हे हरिकेन होमस्टेडजवळ किनाऱ्याला धडकले आणि दक्षिण डेडमधील हजारो घरांची छपरे उडाली. नंतरच्या पाहणीत वाऱ्याच्या जोराइतकाच दोष बांधकामातील हलगर्जीपणाला दिला गेला, कारण अनेक ठिकाणी छपराच्या फळ्यांचे खिळे खालच्या लाकडात न घुसता बाजूने हवेतच गेलेले आढळले. त्यानंतर नियम कडक झाले आणि 1 मार्च 2002 पासून संपूर्ण राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड लागू झाला. त्यात मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन कौंट्यांसाठी अतिवेगवान वाऱ्याचा वेगळा विभाग आहे. मायामी-डेडमध्ये आज साधे राहते घर ताशी 175 मैल, म्हणजे सुमारे 280 किलोमीटर वेगाचा वारा धरून आखावे लागते आणि नव्या घराच्या प्रत्येक खिडकी-दाराला आघात सोसणारी काच किंवा मान्यताप्राप्त शटर असावेच लागते.

आपले घर 1978 चे असल्यामुळे केवळ राहण्यासाठी आपल्यावर ही सक्ती नाही. मात्र आपण खिडकी बदलायला किंवा नवे शटर बसवायला काढले, की परवाना घ्यावा लागतो आणि ती वस्तू कौंटीने मान्य केलेली असावी लागते. त्या मान्यतेचा एक क्रमांक असतो. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात तो नसेल, तर सही करू नये. ही मान्यता नुसती कागदी नाही. तिच्या चाचणीत 9 पौंड, म्हणजे सुमारे 4 किलो वजनाचा लाकडी वासा सेकंदाला 50 फूट वेगाने खिडकीवर मारतात आणि त्यानंतर तीच खिडकी हवेच्या दाबाखाली पुन्हा पुन्हा आत-बाहेर ताणतात. काचेला तडे गेले तरी चालतात. भोक पडून वारा आत शिरता कामा नये. वारा एकदा घरात शिरला, की तो आतून छपराला वर ढकलतो आणि बाहेरून वारा त्याच छपराला वर ओढत असतो. वादळात खिडकी थोडी उघडी ठेवावी म्हणजे दाब समान होतो, हा जुना सल्ला म्हणूनच धोकादायक आहे आणि काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याचा काडीचाही उपयोग नाही.

गॅरेजमधील ढिगाकडे आता वळू. मे महिन्यातील एखाद्या शनिवारी सगळे पत्रे बाहेर काढावेत, प्रत्येक खिडकीच्या रुंदी-उंचीशी ताडून पाहावेत आणि कधीही न पुसणाऱ्या शाईने त्यांवर ‘स्वयंपाकघर, डावीकडून 2’ असे स्पष्ट लिहावे. त्यानंतर किमान एक खिडकी प्रत्यक्ष बंद करून पाहावी. माझ्या अनुभवात अडचण पत्र्यांत क्वचितच असते, ती विंग नटांत, म्हणजे पत्रे आवळणाऱ्या पंखवाल्या नटांत, असते. खिडकीच्या खालच्या बाजूला भिंतीत बसवलेले स्क्रू खाऱ्या हवेने गंजतात, रंगाऱ्याने त्यांवर दोनदा रंग फासलेला असतो आणि पाऊस सुरू झाल्यावर शिडीवर उभे राहून ते नट फिरत नाहीत. मागच्या वर्षी एका घरी अठरा पत्र्यांसाठी अवघे सात नट शिल्लक असल्याचे मी पाहिले. अशा वेळी घरमालक प्लायवूडकडे वळतो; पण लाकूड आधी मापाने कापून ठेवलेले आणि भिंतीत त्याच्यासाठी पक्के बोल्ट बसवलेले नसतील, तर खिळ्यांनी घाईघाईत ठोकलेली फळी वादळात स्वतःच उडून शेजाऱ्याच्या खिडकीत जाते.

सहा महिने शटर लावून ठेवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. पत्र्याने बंद केलेल्या शयनगृहात आग लागली, तर आतल्या माणसाला बाहेर पडता येत नाही आणि अग्निशमन दलाला आत शिरता येत नाही. किनाऱ्यावरील अनेक शहरांनी वादळ सरल्यानंतर शटर किती दिवसांत काढावीत याची मुदतही घातली आहे. ती आपल्या शहराच्या बांधकाम विभागाकडे विचारून घ्यावी.

खिडक्यांच्या गडबडीत गॅरेजचे दार विसरू नका. घरातील सर्वांत रुंद आणि सर्वांत लवचीक भाग तोच असतो. दाराच्या आतल्या बाजूस वाऱ्याच्या दाबाची नोंद असलेली चिठ्ठी चिकटवलेली नसेल, तर दार जुन्या काळातले आहे असे समजावे आणि खर्चाच्या यादीत त्याला खिडक्यांच्याही आधी जागा द्यावी.

शेवटचा मुद्दा छपराचा. टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर जावे आणि छपराच्या कैच्या भिंतीवर जेथे टेकतात तेथे पाहावे. नुसते तिरपे ठोकलेले खिळे आहेत, की धातूची पट्टी आहे, ती पट्टी लाकडावरून वळवून दुसऱ्या बाजूला नेली आहे का आणि तिच्यात किमान तीन खिळे आहेत का, हे परवानाधारक निरीक्षक तपासतो, छायाचित्रे काढतो आणि राज्याच्या ठरावीक फॉर्मवर नोंदवतो. हा अहवाल पाच वर्षांपर्यंत चालतो आणि त्यावर वादळी वाऱ्याच्या विम्याच्या हप्त्यात कायद्याने सवलत द्यावी लागते. राज्याची ‘माय सेफ फ्लोरिडा होम’ नावाची योजना असून, तीत पात्र घरांची तपासणी मोफत होते आणि निधी उपलब्ध असेल तेव्हा मान्य कामांसाठी 10,000 डॉलरपर्यंत अनुदान मिळते. निधी लवकर संपतो, त्यामुळे योजना उघडल्याची बातमी येताच अर्ज करावा.

प्रश्न : आमचे घर 2016 चे आहे, सर्व काचा आघातरोधक आहेत आणि पुराच्या नकाशावर आम्ही ‘एक्स’ विभागात आहोत, म्हणजे कमी धोक्याच्या. तरीही कौंटीच्या दुसऱ्या एका नकाशावर आमचा झोन ‘बी’ दाखवला आहे. स्थलांतराचा आदेश निघाला तर आम्ही खरोखर जावे का? या काळात माझे सासू-सासरे भारतातून आलेले असतील. सासऱ्यांना घरी ऑक्सिजन लागतो.

उत्तर : आपण दोन निरनिराळे नकाशे एकमेकांविरुद्ध उभे केले आहेत. पुराचा नकाशा विम्यासाठी आहे आणि कोणत्या जागी दरवर्षी 1 टक्का शक्यतेचा पूर पोचतो, हे तो सांगतो. ए ते ई हे झोन वादळी उधाणासाठी, म्हणजे वाऱ्याने समुद्राचे पाणी जमिनीवर ढकलले गेल्यास ते कुठवर येईल यासाठी आहेत. ‘एक्स’ विभागातील घर ‘बी’ झोनमध्ये असणे पूर्णपणे शक्य आहे आणि स्थलांतराच्या बाबतीत फक्त दुसरा नकाशा पाहायचा असतो.

घराच्या मजबुतीचा येथे संबंध येत नाही. काचा वाऱ्यासाठी आहेत, पाण्यासाठी नाहीत. अँड्र्यूच्या वेळी बिस्केन उपसागराच्या काठी पाणी सुमारे 17 फूट चढले होते. 28 सप्टेंबर 2022 रोजी इयान हे हरिकेन आले तेव्हा फोर्ट मायर्स बीचवर ते 15 फुटांपर्यंत गेले. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. इतके पाणी लाटांसह भिंतीवर आपटू लागले, की बांधकाम कोणत्या साली झाले हे विचारायला ते थांबत नाही.

आदेश मोडणाऱ्याला पोलीस उचलून नेत नाहीत. परंतु सलग वाऱ्याचा वेग ताशी 40 ते 45 मैलांच्या पुढे गेला की रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाड्या बाहेर पडणे थांबवतात आणि मग फोन लागला तरी माणूस येत नाही. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णासाठी हा हिशेब आणखी कठोर आहे, कारण आपण पाण्यापासून वाचलात तरी वीज अनेक दिवस जाऊ शकते. मायामी-डेडमध्ये अशा व्यक्तींसाठी आधी नाव नोंदवून ठेवण्याची सोय आहे, ज्यायोगे वाहन आणि वैद्यकीय देखरेखीचा निवारा मिळतो. पाहुणे थोड्याच महिन्यांसाठी आलेले असले तरी कौंटीच्या 311 क्रमांकावर फोन करून नोंदणीविषयी विचारावे. ही चौकशी सासरे येतील त्याच आठवड्यात करावी. वादळाच्या आदल्या दिवशी ती यादी फार लांबलेली असते.

जायचे म्हणजे जॉर्जिया गाठायचे असेही नाही. कौंटीतच झोनबाहेर राहणाऱ्या, भक्कम घर असलेल्या स्नेह्यांकडे वीस मैलांवर जाणे हे महामार्गावर बारा तास अडकण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. फिरती घरे, म्हणजे मोबाईल होम असलेल्यांनी मात्र झोन कोणताही असला तरी आदेश निघताच निघायचे आहे.

प्रश्न : आमच्या विम्याच्या कागदावर ‘हरिकेन डिडक्टिबल 5 टक्के’ असे आहे. नुकसानीच्या 5 टक्के रक्कम आम्ही भरायची, असा आम्ही अर्थ लावला. तो बरोबर आहे का? आणि पुराचा विमा वादळ जवळ आल्यावर घेतला तर चालेल का?

उत्तर : पहिला अर्थ चुकीचा आहे आणि ही चूक महागात पडते. हे 5 टक्के नुकसानीचे नसून घराच्या इमारतीसाठी ठरलेल्या विमा रकमेचे आहेत. इमारतीचा विमा 4,00,000 डॉलरचा असेल, तर आपल्या खिशातून 20,000 डॉलर जाईपर्यंत कंपनी काही देत नाही. 18,000 डॉलरचे छप्पर उडाले तर काहीच मिळणार नाही. फ्लोरिडात सामान्यतः 500 डॉलर, 2, 5 किंवा 10 टक्के असे पर्याय असतात. एक दिलासा असा, की ही रक्कम कॅलेंडर वर्षातून एकदाच लागते. त्याच वर्षी, त्याच कंपनीकडे दुसऱ्या हरिकेनने नुकसान केले तर पहिल्या वेळी भरलेली रक्कम हिशेबात धरली जाते. म्हणून पहिले नुकसान डिडक्टिबलपेक्षा कमी असले तरी पावत्या जपून ठेवाव्यात आणि कंपनीला कळवावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. घरविम्यात पुराचे पाणी येत नाही आणि उधाणाचे पाणी पुरातच मोडते. केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेत घरासाठी 2,50,000 आणि सामानासाठी 1,00,000 डॉलरपर्यंत संरक्षण मिळते, परंतु कर्जाच्या व्यवहारासारखे काही अपवाद सोडल्यास विमा घेतल्यानंतर तो लागू व्हायला 30 दिवस लागतात. वादळ आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून फ्लोरिडाला पोचायला दोन आठवडेसुद्धा पुरतात. घरविम्याच्या कंपन्याही वादळ जवळ आले, की नवे विमे देणे किंवा रक्कम वाढवणे थांबवतात. डिडक्टिबल 5 वरून 2 टक्क्यांवर आणायचे असेल, तर ते नूतनीकरणाच्या वेळी, शांत समुद्र असताना करावे.

प्रश्न : आम्ही चौदाव्या मजल्यावर कॉन्डोमध्ये, म्हणजे मालकीच्या सदनिकेत, राहतो. बाल्कनीच्या दाराला शटर बसवू दिल्यास इमारतीचा दर्शनी भाग बिघडतो, असे व्यवस्थापक मंडळ म्हणते. त्यांना नाही म्हणण्याचा अधिकार आहे का?

उत्तर : सरसकट नाही. फ्लोरिडाच्या कॉन्डो कायद्यानुसार मंडळाने हरिकेन संरक्षणाचे निकष, म्हणजे रंग, नमुना इत्यादी, ठरवून द्यावे लागतात आणि त्या निकषांत व बांधकाम नियमांत बसणारा अर्ज मंडळाला फेटाळता येत नाही. घरमालकांच्या संघटनांनाही 2024 पासून असेच बंधन आले आहे. म्हणून मंडळाकडे लेखी निकष मागावेत आणि त्यांतूनच नमुना निवडावा. दरम्यान एक काम कुणाच्याही परवानगीशिवाय करता येते : हरिकेन वॉच, म्हणजे वादळाची शक्यता असल्याची सरकारी सूचना, जाहीर होताच बाल्कनीतील खुर्च्या, कुंड्या आणि कपडे वाळत घालण्याचा स्टँड आत घ्यावा. चौदाव्या मजल्यावर वारा जमिनीपेक्षा बराच जोरात असतो. लिफ्ट वादळाआधीच बंद करतात, हेही ध्यानात ठेवून पाणी आधी वर आणावे.

प्रश्न : अंगणात आंब्याचे मोठे झाड आणि मागे पोहण्याचा तलाव आहे. वॉच जाहीर झाल्यावर झाडाचा शेंडा कापून तलाव रिकामा करावा, असे माळीबुवा सांगतात. काय करावे?

उत्तर : माळीबुवांचे दोन्ही सल्ले मानू नयेत. झाडाचा शेंडा सरसकट छाटणे, ज्याला येथे ‘हॅटरॅकिंग’ म्हणतात, मायामी-डेडमध्ये बेकायदा आहे आणि त्यासाठी दंड होतो. शिवाय छाटलेल्या जागी फुटणाऱ्या फांद्या मुळापासून कच्च्या असल्याने पुढच्या वादळात त्याच आधी मोडतात. योग्य छाटणी म्हणजे आतल्या वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून वाऱ्याला पलीकडे जायला वाट करून देणे, आणि ती मोसमाआधी व्हायला हवी. वॉच साधारणपणे वादळी वारे पोचण्याच्या 48 तास आधी आणि वॉर्निंग, म्हणजे वादळ येणार असल्याचा पक्का इशारा, 36 तास आधी निघते. त्या काळात कचऱ्याच्या गाड्या बंद होतात आणि रस्त्याकडेला रचलेल्या फांद्या वाऱ्यात भाल्यांसारख्या सुटतात. म्हणून वॉच निघाल्यानंतर कौंटी छाटणी करू नका असेच सांगते.

तलाव रिकामा केला, तर पावसाने वर आलेले जमिनीतील पाणी त्याची रिकामी टाकी खालून उचलून वर काढू शकते. पाणी तसेच ठेवावे, क्लोरिन जास्त घालावे आणि पंपाची वीज मुख्य स्विचपासून बंद करावी. जनरेटर असल्यास तो घरापासून किमान 20 फूट दूर, उघड्यावर चालवावा. अर्धे दार उघडे ठेवून गॅरेजमध्ये चालवलेल्या जनरेटरच्या धुराने वादळ ओसरल्यानंतर माणसे मेल्याच्या घटना जवळजवळ प्रत्येक मोठ्या हरिकेननंतर घडतात. कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या प्लगमधून जनरेटरची वीज घरात सोडण्याची युक्ती तर रस्त्यावरच्या तारा जोडणाऱ्या कामगाराच्या जिवावर उठते. त्यासाठी परवाना घेऊन ट्रान्स्फर स्विच, म्हणजे घराला बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरला जोडणारा स्विच, बसवावा लागतो.

प्रश्न : 2024 मध्ये टँपा बे परिसरातील माझ्या बहिणीच्या घरात हेलेन हरिकेनचे पाणी शिरले. दुरुस्तीचा परवाना मागितल्यावर शहराने संपूर्ण घर उंच करण्याची अट घातली. हे न्याय्य आहे का? आमच्याकडे असे झाल्यास काय करावे?

उत्तर : न्याय्य असो वा नसो, ही अट आहे आणि तिला तेथे ‘50 टक्क्यांचा नियम’ म्हणतात. पुराच्या धोक्याच्या विभागातील घराच्या दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारमूल्याच्या निम्म्याइतका किंवा त्याहून अधिक झाला, तर संपूर्ण घर आजच्या पूरनियमांप्रमाणे करावे लागते, म्हणजे बहुधा उंच उचलावे लागते किंवा पाडावे लागते. येथे जमिनीची किंमत धरत नाहीत, ही खरी मेख आहे. समुद्राजवळच्या 9,00,000 डॉलरच्या मालमत्तेत जुन्या घराची किंमत 1,80,000 डॉलरच असू शकते आणि मग 90,000 डॉलरची दुरुस्तीही नियमाच्या कचाट्यात येते. कराच्या नोंदीतील मूल्य कमी वाटत असेल, तर परवानाधारक मूल्यमापकाकडून इमारतीचे वेगळे मूल्यांकन करून शहराकडे देता येते. बहिणीने ते केले नसेल, तर आधी ते करावे. पूरविम्यात नियमपूर्तीच्या खर्चासाठी 30,000 डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद असते. तिचाही दावा करावा.

आपल्या घरी वेळ आल्यास पहिल्याच दिवशी, काहीही फेकण्याआधी, भिंतीवरील पाण्याच्या रेषेजवळ मोजपट्टी धरून छायाचित्रे काढावीत. दारात येणाऱ्या कंत्राटदाराचा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर तपासावा. ‘डिडक्टिबल आम्ही माफ करतो’ असे म्हणणारा माणूस कायदा मोडत असतो. आणीबाणी जाहीर झालेल्या घटनेमुळे केलेला छपराचा करार काही अटींवर दहा दिवसांच्या आत दंडाविना रद्द करता येतो, आणि 2023 पासून दिलेल्या विम्यांत दाव्याचा हक्क कंत्राटदाराच्या नावे लिहून देण्याची पद्धत कायद्याने बंद केली आहे. कोणी तसा कागद पुढे केला, तर तो न वाचताच परत करावा. घरविम्याचा दावा नुकसानीच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत कंपनीकडे नोंदवला जायला हवा; पूरविम्याच्या मुदती वेगळ्या असतात. बहिणीच्या घरासाठी ती मुदत सरली असली, तरी घरविम्याचा पहिला दावा वेळेत केलेला असेल आणि दुरुस्तीत भिंतीआड नवे नुकसान सापडले असेल, तर पूरक दाव्याची मुदत 18 महिन्यांची असते. ती कोणत्या तारखेला संपते किंवा संपली, हे तिने आजच विम्याच्या कागदांवरून मोजून पाहावे.